होऊ शकतं

"काका, पासवर्ड घेत नाहीये," हेमाली म्हणाली.

"शेवटचं अक्षर मोठं," प्रभाकर म्हणाला. "आणि मधे आडवी रेघ."

हेमालीने पुन्हा टाइप केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर गेली आणि मशीन उघडलं. तिने वळून पाहिलं. प्रभाकर उगाचच हसला. भिवंडीतल्या या धर्मादाय दवाखान्यातून निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली होती. रेकॉर्ड विभागातला साधा कारकून म्हणून लागला होता आणि त्याच हुद्द्यावर बाहेर पडला होता. पण मधली वीस वर्षं दवाखान्याचा संगणक म्हणजे प्रभाकर गुप्ते, असं समीकरण होतं. आता सगळं नव्या यंत्रणेवर चाललं होतं. त्या कामाचा ठेका घेतलेल्या कंपनीने जुन्या पेशंटांच्या नोंदी हलवायला हेमालीला पाठवलं होतं. या जुन्या मशीनची डिस्क आता कुठे मिळत नव्हती, तिची वायर नव्या मशीनला लागत नव्हती. तेव्हा हेच चालू करून त्याच्यातून नोंदी काढायच्या, आणि त्याचा पासवर्ड प्रभाकरशिवाय कोणाला ठाऊक नव्हता. सकाळी फोन आला तेव्हा त्याने इस्त्रीचा शर्ट काढला. प्रमोदिनीने विचारलं, "कुठे समारंभ आहे का?" तर म्हणाला, "दवाखान्यात बोलावलंय, माझ्याशिवाय अडलंय त्यांचं."

नोंदींची नक्कल सुरू झाली. वेळ लागणार होता. हेमाली सहज इकडचे तिकडचे फोल्डर उघडून बघत बसली.

"काका, तुम्ही कर्नल स्वतः बांधायचात? इथे, दवाखान्यात?"

"मग काय करणार? दान म्हणून आलेलं मशीन. मेमरी एवढीशी. तयार कर्नल त्याला झेपायचा नाही, हळू चालायचा. मग मासिकांबरोबर सीडी यायच्या, त्यातून शिकलो."

संगणक सुरू झाला की सगळ्यांत आधी जागा होतो तो कर्नल. डिस्क, पडदा, कळफलक, सगळ्यांशी बोलणं त्याचं. पण प्रत्येक जातीच्या डिस्कशी बोलण्याची रीत निराळी, आणि ती रीत ज्याला ठाऊक असते तो छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. कर्नल बांधायला बसलं की अशा शेकडो ड्रायव्हरांबद्दल एकेक करून ठरवावं लागतं. हा आत घालायचा, वगळायचा, की मॉड्यूल म्हणून डिस्कवर बाजूला ठेवायचा आणि लागेल तेव्हा तिथून उचलायचा. हो म्हणजे वाय, नाही म्हणजे एन, मॉड्यूल म्हणजे एम. प्रभाकरला हे काम फार आवडे. दवाखाना सुटल्यावर तासभर बसून तो एकेक ओळ वाचायचा, नको ते काढून टाकायचा. कर्नल किती लहान झाला ते घरी जेवताना सांगायचा. प्रमोदिनी "हो का" म्हणायची.

"आणि प्रत्येक वेळची यादी तारीख घालून ठेवलीय," हेमाली कौतुकाने म्हणाली. "आमच्या ऑफिसात कोणी एवढं करत नाही." तिने शेवटच्या दोन याद्या शेजारी शेजारी लावल्या. दोन हजार अकराच्या ऑगस्टमधल्या, एक अठरा तारखेची, एक एकोणतीसची. दोन्हींत फरक कुठे आहे ते शोधायला तिने मशीनलाच सांगितलं. उत्तर एका ओळीचं आलं. डिस्क जिला जोडलेली असते त्या कार्डाचा ड्रायव्हर अठरा तारखेला एम होता, एकोणतीसला वाय.

हेमाली हसली. "अरे, ही तर आम्ही कॉलेजात करायचो ती चूक. डिस्कचा ड्रायव्हर डिस्कवरच ठेवलात. कर्नल जागा झाल्यावर डिस्क उघडणार कशी?"

"हं."

"म्हणजे अठरा तारखेच्या कर्नलवर हे मशीन एकदाही उठलं नसणार. बंद करायचा अवकाश, की गेलं. मग अकरा दिवस काय केलंत?"

"बंदच केलं नव्हतं," प्रभाकर म्हणाला.

तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. ती कॅन्टीनला चहा सांगायला गेली. प्रभाकर पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत ती ओळ त्याच्याखेरीज कोणी वाचली नव्हती, आणि या मुलीने ती मिनिटभरात वाचून, हसून बाजूला ठेवली होती.

अठरा ऑगस्टला गुरुवार होता. दुसऱ्या एका कार्डासाठी म्हणून तो डिस्कच्या ड्रायव्हरांच्या यादीत शिरला होता, आणि कर्नल आणखी लहान करण्याच्या भरात सरसकट एम दाबत खाली गेला. एम चालतं, नाही असं नाही, पण मग सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर एका छोट्या गाठोड्यात बांधून कर्नलसोबत द्यावे लागतात. प्रभाकर ते गाठोडं कधीच बांधत नसे. त्याची गरजच पडली नव्हती. जागा कमी पडली म्हणून त्याने जुना कर्नल डिस्कवरून पुसूनही टाकला. चालू मशीन मेमरीतल्या जुन्याच कर्नलवर चालत राहिलं, नवा जागा होणार होता तो बंद करून चालू केल्यावर. आता मशीन एकदा बंद करून चालू करून बघायला हवं होतं. पण बाहेर पेशंटांची रांग होती. रविवारी येऊन बघू म्हणाला. रविवारी मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा निघाला, आणि ती गोष्ट त्याच्या डोक्यातून साफ गेली.

एकोणतीसला, सोमवारी, गणपती तीन दिवसांवर आले असताना, दौलतने मेन स्विच बंद केला.

दौलत शिपाई होता. अकलोलीच्या पलीकडच्या पाड्यावरून रोज पहिल्या एसटीने यायचा. ठेकेदाराच्या पटावर आठ वर्षं झाली होती. दिवाळीला चौघांना कायम करायचं ठरलं होतं, त्यांत त्याचं नाव होतं. मशीनच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असायची, कारण धूळ पुसायला प्रभाकरला दुसऱ्या कोणाचा हात चालत नसे. दौलत कोरड्या फडक्याने पुसायचा, वायर न हलवता. कधी दारात उभं राहून म्हणायचा, "साहेब, आज याचा आवाज येगळा येतोय." आणि बघावं तर खरंच एखादा पंखा अडकलेला असायचा.

त्या दिवशी प्रभाकर बँकेत गेला होता. परत आला तेव्हा रेकॉर्डच्या खिडकीशी गोंधळ चालला होता. मशीन बंद पडून अर्धा तास झाला होता, चालू करूनही उठत नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला वाडा तालुक्यातून आलेली म्हातारी माणसं बाकांवर खोळंबली होती. फायलींचे नंबर मशीनमध्ये, त्यामुळे डॉक्टरांच्या हाती काही नाही. प्रभाकर खोलीत गेला. पडद्यावर तळाशी ओळ होती की मूळ डिस्क सापडत नाही. सीडीवरून मशीन उठवून त्याने यादी उघडली, आणि एम दिसला.

खाली टेबलामागे त्याला आणखी एक गोष्ट दिसली. बॅटरीच्या डब्याकडे जाणारी वायर हातभर काळी पडली होती. तिचं आवरण वितळून फरशीला चिकटलं होतं.

संस्थेच्या चिटणिसांची खोली शेजारीच, मधे प्लायवूडची भिंत. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"तू बंद केलंस?"

"केला साहेब. वास येत हुता जळल्याचा."

"आम्हाला कोणाला नाही आला तो."

"मी खोलीत हुतो साहेब. म्हनून मेनवरून बंद केला."

"वास तुझ्याच तोंडाला येत असेल, दौलत," चिटणीस म्हणाले, आणि खोलीतली दोन-तीन माणसं हसली.

"मी पीत न्हाय साहेब."

"ते तुम्ही सगळेच सांगता."

मग दार उघडलं. चिटणीस स्वतः आले. प्रभाकर खुर्चीवर बसला होता, कर्नल पुन्हा बांधायला लावला होता, पडद्यावर ओळी धावत होत्या. त्याच्या पायाशी ती वायर होती.

"गुप्ते, असं एकदम बंद केलं की मशीन बिघडतं ना?"

प्रभाकरने वर पाहिलं. चिटणिसांच्या खांद्यामागे दौलत उभा होता. प्रभाकरकडे नुसता बघत होता, आवाज वेगळा येतोय म्हणताना बघायचा तसा, आता साहेब काय ते सांगतील म्हणून.

"होऊ शकतं," प्रभाकर म्हणाला.

ते खोटं नव्हतं. कुठलंही मशीन एकदम बंद केलं तर बिघडू शकतं. नंतरची कित्येक वर्षं त्याने स्वतःला हेच समजावलं. दुपारी मशीन उठलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने ती जळकी वायर कापून पिशवीत घातली आणि नवी जोडली. गणपतीच्या पूजेला दवाखान्यात त्याला शाल-श्रीफळ मिळालं. चिटणीस म्हणाले की, आपल्याकडे अशी गुणी माणसं आहेत म्हणून ही संस्था चालते. पुढच्या महिन्यापासून दौलत आला नाही. ठेकेदाराने दुसरा माणूस पाठवला. तो ओल्या फडक्याने पुसायचा.

हेमाली चहा घेऊन आली तेव्हा प्रभाकर जायला उठला होता.

चार दिवसांनी तो वज्रेश्वरीच्या एसटीत बसला. प्रमोदिनीला म्हणाला, देवीला जाऊन येतो. देवळाच्या पायऱ्यांशी उतरला, पण वर गेला नाही. अकलोलीचा रस्ता धरला. जानेवारीचं ऊन होतं. कुंडांवर अंघोळीला आलेल्यांच्या गाड्या लागल्या होत्या. पुढे वस्ती विरळ झाली. भाताच्या रिकाम्या खाचरांत कुठे कुठे वाल पेरले होते. दवाखान्यात कामाला होता तो दौलत, असं विचारल्यावर शेळ्यांमागच्या एका बाईने हात वर करून टेकाडाकडे दाखवलं.

दौलत अंगणात कुडाची भिंत दुरुस्त करत होता. कारवीच्या काड्या एकीआड एक घालून दोरीने आवळत होता. केस पांढरे झाले होते. कंबर सरळ होत नव्हती. त्याने प्रभाकरला लगेच ओळखलं, पण हातातली गाठ पुरी करूनच मान वर केली.

"साहेब. लई लांब आलाव."

त्याची बायको ठकी बाहेर आली. तिने बाज झाडून दिली. प्रभाकर बसला. काय बोलायचं ते त्याने एसटीत तीनदा जुळवलं होतं, आता त्यातलं काही आठवेना. कसं चाललंय, विचारलं. दौलत म्हणाला, दोन वर्षं भिवंडीला गोदामात हमाली केली, मग कंबर गेली. आता घरचं थोडं, बाकी मजुरी. पोरगी मनिषा अंबाडीला दिलीय. ठकी दारात टेकून ऐकत होती.

"दौलत, ते मशीन," प्रभाकर म्हणाला. "ते तू बिघडवलं नव्हतंस."

दौलतचे हात चालूच राहिले.

प्रभाकरने सांगितलं. कर्नल, ड्रायव्हर, असले शब्द त्याने टाळले. म्हणाला, दाराची किल्ली मी घरात ठेवली होती आणि दार उघडं होतं म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. तू दार ओढलंस, एवढंच. दुसऱ्या कोणी ओढलं असतं, लाइट गेली असती, तरी तेच झालं असतं. चूक माझी होती. ती मला त्याच दिवशी कळली होती. मशीन उघडून बघितलं तेव्हाच.

"चिटणीस साहेब आले तवा तुमाला म्हाईत हुता?" दौलतने विचारलं.

"हो."

ठकी दारातून पुढे आली. इतका वेळ ती प्रभाकरशी थेट बोलली नव्हती.

"आनि वास?" ती म्हणाली. "वास येत हुता काय खराच?"

"खरा होता. वायर जळाली होती. मी बघितली. मीच ती कापून टाकली." तो पुढे म्हणाला, "यानं स्विच बंद केला नसता तर खोलीला आग लागली असती."

ठकीने नवऱ्याकडे पाहिलं. मग ती तिथेच जमिनीवर बसली.

"मी याला तवापासून इचारत आलेय," ती म्हणाली, प्रभाकरला की स्वतःलाच ते कळलं नाही. "पिला हुतास काय, खरा सांग, पिला हुतास काय. सनावाराला भांडन झाला की हेच काढायचे मी. पोरीच्या सासरच्यांसमोर पन काढला एकदा. लोक म्हनायची, दारूच्या धुंदीत मशीन जालला यानी. हा म्हनायचा न्हाय. मला वाटायचा, एवढी शिकलेली मानसा काय खोटा बोलतील?"

दौलत म्हणाला, "जाऊ दे आता."

"तू गप," ठकी म्हणाली, पण तिचा आवाज मऊ होता.

दौलतने दोरीचं टोक दातात धरून गाठ ओढली. प्रभाकरला वाटलं, याने आता शिव्या द्याव्यात. निदान ऊठ म्हणावं. किंवा झालं गेलं म्हणून पाणी द्यावं, म्हणजे आपण उठून जाऊ.

"साहेब," दौलत म्हणाला, "हे तिकडं सांगितला काय? दवाखान्यात?"

"नाही."

"मंग मला कशाला सांगता? मी काय केला न्हाय, ते मला म्हाईतच हाय. पयल्या दिसापासून."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मशीनचा पंखा अडकलाय हे सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

"चिटणीस आता नाहीत, दौलत. वारले. तेव्हाचं कोणीच उरलं नाही तिथं."

"दवाखाना हाय न्हवं?"

प्रभाकर उठला. ठकीने आतून तांब्याभर पाणी आणून दिलं. तो प्यायला. दौलत कुडाच्या पलीकडच्या बाजूला गेला होता. काड्यांच्या फटींतून त्याचे हात तेवढे दिसत होते.

घरी आल्यावर त्याने प्रमोदिनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकताना तिचा हात थांबला.

"त्या दिवशी तू पेढे आणले होतेस," ती म्हणाली.

"शाल मिळाली त्या दिवशी."

"शेजारीपाजारी मी वाटले ते." तिने निवडलेली भाजी ताटात सारली. "मला तरी सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू जाऊन सांग म्हणाली असतीस."

"म्हणूनच नाही सांगितलंस," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

तो टेबलाशी बसला. अर्ज लिहायला दोन दिवस लागले. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहून दिलेला माणूस, पण इथे वाक्य सरळ येईना. "अनवधानाने" असा शब्द त्याने पहिल्या ओळीत लिहिला आणि खोडला. "त्यावेळच्या परिस्थितीत" हेही खोडलं. शेवटी एका पानात बसलं. अमुक तारखेला मशीन बंद पडलं ते माझ्या चुकीमुळे. शिपाई दौलत यांनी जळणाऱ्या वायरचा वास आल्यावर मेन स्विच बंद केला, ते योग्य होतं. वायर मी नंतर गुपचूप बदलली. मला विचारलं असता मी खरं सांगितलं नाही. त्यांना कामावरून कमी केलं गेलं, त्याला मी जबाबदार आहे. संस्थेने याची नोंद घ्यावी आणि त्यांना तसं लेखी कळवावं. खाली सही केली. दोन प्रती काढल्या.

आवक-जावकच्या खिडकीत मनोज होता. प्रभाकर निवृत्त व्हायच्या आधी वर्षभर लागलेला. त्याने अर्ज घेतला, वाचला, आणि आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला.

"गुप्तेकाका, हे कशाला? तेरा-चौदा वर्षं झाली. ठेकेदाराची माणसं, त्यांचे जुने पट रद्दीत गेले कधीच. आता या माणसाला इथे ओळखणारंसुद्धा कोणी नाही. तुमचंच नाव उगाच."

"नोंद कर."

"बाहेर सगळे तुम्हाला केवढं मानतात."

"मनोज, नोंद कर आणि मला दुसऱ्या प्रतीवर शिक्का दे. ती एकांना नेऊन द्यायचीय."

मनोजने खांदे उडवले. वही ओढली, आवक क्रमांक घातला, तारीख घातली. मग विषयाच्या रकान्यात सावकाश लिहू लागला, तोंडाने म्हणत. "माजी शिपाई... श्री... दौलत..." पेन थांबलं. "पूर्ण नाव सांगा. आडनाव काय?"

प्रभाकरने तोंड उघडलं.

आठ वर्षं तो माणूस रोज त्याच्या खोलीची किल्ली लावत होता. प्रभाकरने खिडकीच्या गजाला हात टेकला. बाकावरचे पेशंट नंबराची वाट बघत होते. कोणाला तरी विचारावं म्हणून त्याने मागे पाहिलं, पण विचारण्यासारखं तिथे कोणी नव्हतं.

"काका, आडनाव?"

"मला माहीत नाही," प्रभाकर म्हणाला. "विचारून येतो. जागा सोड तेवढी."

मनोजने नावापुढे बोटभर जागा मोकळी सोडली, शिक्का मारून प्रत त्याच्या हातात दिली, आणि मागच्या माणसाचा लिफाफा घ्यायला हात पुढे केला.